आमच्या घरातली वाट

आमच्या घराचं दार कुणी कधी वाजवलं नाही. एक तर ते उघडंच असायचं. दुसरं म्हणजे येणाऱ्याला आमच्याकडे यायचंच नसायचं, त्याला पलीकडे जायचं असायचं. पुढच्या दाराने आत शिरायचं, बाबांच्या शिलाई मशीनला वळसा घालायचा, स्वयंपाकघराच्या कडेकडेने मागच्या दाराने बाहेर पडायचं. मागच्या दारापाशी गाव सुरू व्हायचं, पुढच्या दारापाशी शहर. आणि मध्ये आम्ही तिघं, भर रस्त्यात संसार मांडून बसलेले.

ही भानगड आजोबांनी करून ठेवली. ते शिंपी, बाहेरून आलेले. जमीन बघायला आले ते नेमके ओढ्याला पाणी असतानाच्या दिवसांत. तेव्हा गावकरी लांबच्या पुलावरून जात, त्यामुळे ओढ्याकडच्या पायवाटेवर कमरेएवढं गवत माजलेलं. विकणाऱ्याला काय पडली होती वाट दाखवायची? आजोबांनी घर बांधलं, भिंतींना चुना लावला, मशीन आणून मांडलं. पुढे ऊन तापलं, ओढा आटला, गवत वाळलं. मग एका सकाळी डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका आल्या आणि थेट आमच्या मागच्या भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे गुरं, गुरांच्या मागे दूधवाले. वळसा घालावा तर एका अंगाला खोल ओढा आणि दुसऱ्या अंगाला कुणाचं तरी काटेरी कुंपण.

आजोबांना घाम फुटला. परक्या गावात पाय टाकला नाही तोवर अख्ख्या गावाची वाट अडवून बसलो, आता बोचकं बांधा, असंच त्यांना वाटलं. पण गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. त्याने भिंतीवर हात फिरवला, बांधकाम बरं आहे म्हणाला आणि निवाडा देऊन टाकला.

"घर तुझं, वाट आमची. दोन्ही राहू देत. या भिंतीत दार काढ."

आजोबांनी संध्याकाळपर्यंत नवीकोरी भिंत फोडली. तेव्हापासून दोन्ही दारं उजाडताना उघडायची आणि झोपताना लागायची. दिवसा ती बंद झाली ती दोनदाच. एकदा आजोबा गेले तेव्हा आणि एकदा माझी आई गेली तेव्हा. त्या दिवशी "मला कुणाचं तोंड बघायचं नाही" म्हणत बाबा दारं लावून आत बसले होते.

ज्याच्या घरातून जग जातं त्याला जग बघायला बाहेर जावं लागत नाही. गावाचं शहर कसं झालं ते आम्ही जेवता जेवता पाहिलं. आधी गुरं बंद झाली. मग कारखान्याचे कामगार जायला लागले, हातात डबा आणि तोंडात शिट्टी. मग कारकून आले, चपला न वाजवता चालणारे. त्यांच्यानंतर पांढऱ्या बुटांच्या नर्स आणि शेवटी गळ्यात कार्डं अडकवलेली पोरं, पाठीवर एवढाल्या पिशव्या घेतलेली. ओढ्याचा नाला झाला, नाल्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर गाड्या उभ्या राहिल्या. शेतांचे प्लॉट झाले आणि प्लॉटचे टॉवर. वाटेवरचे लोक बदलले, पण आत शिरताना "येतो हो" आणि बाहेर पडताना पुन्हा "येतो हो" म्हणायची रीत काही बदलली नाही. बाबा मान वर न करता दोन्हींना "या" म्हणायचे.

आम्हाला भांडायचीही सोय नव्हती. आईबाबांचं वाजलं की कुणीतरी दारात उभं. मग आई चेहरा सरळ करून "काय म्हणतंय घर?" विचारायची आणि पाठ वळली रे वळली की मागचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू. मला ताप आला तर जाणारा प्रत्येक जण कपाळाला हात लावून जायचा आणि वेगळं औषध सांगायचा. माझा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा एक माणूस शेळी घेऊन आतून गेला. शेळीने याच्या बुटाची नाडी चघळली. याने पाय मागे घेतला नाही, तिचं चघळून होईपर्यंत तसाच बसून राहिला. मी तिथेच ठरवलं, माणूस निभावेल.

लग्नानंतर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. इस्पितळात एक्स-रे काढायचं माझं काम. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, धरा, सोडा" सांगायचं. आई गेल्यावर बाबा एकटे राहिले आणि माझा जीव तिकडे अडकला. कारण घर खचत चाललं होतं. खरं तर ते जागच्या जागी होतं, रस्ताच वर चढत होता. दर वेळी जुन्या डांबरावर नवं डांबर. माझ्या लहानपणी पायऱ्या चढून घरात जावं लागे, आता उतरून जावं लागायचं. जोराची सर आली की रस्त्याचं पाणी सरळ मशीनच्या पायाशी.

त्यातच बिल्डरचा माणूस यायला लागला. बाबा त्याला फाइलवाले साहेब म्हणायचे. आजूबाजूचे सगळे प्लॉट त्याने घेतले होते, मध्ये आमचंच घर दातात अडकल्यासारखं उरलेलं. नवव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, बांधकाम होईपर्यंत राहायची सोय, सगळं द्यायला तयार.

"आणि वाटेचं काय?" बाबांनी विचारलं.

"कुठली वाट?"

"ही. तुम्ही खुर्ची टाकून बसलाय ती."

त्याने फाइल उघडून नकाशा पसरला, बोट फिरवलं. "काका, नकाशात अशी काही वाट नाही."

"नकाशात नसेल. इथून आहे."

तेवढ्यात इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन "येतो हो" म्हणत त्या नकाशावरून लांब टांग टाकून गेला. बाबांना इतकं हसू आलं की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

मला मात्र हसू येईना. त्याच पावसाळ्यात बाबा पायरीवरून घसरले. त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे मीच काढला. दोन हाडांच्या मध्ये जी गादी असते तिची नुसती आठवण उरली होती. मी ती फिल्म त्यांच्यासमोर उजेडात धरली आणि माझं डोकंच फिरलं.

"वाट वाट काय लावलंय? कोण चालतं आता तुमच्या वाटेने? टॉवरला स्वतःचं गेट झालंय, मागे नवा रस्ता झालाय. चार टाळकी येतात, तीही सवयीने. उद्या दार लावलंत ना, तर कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही!"

तोंडातून गेलं ते गेलं. बाबांनी दोरा दाताने तोडला. हातातल्या सदऱ्याची कॉलर उलटीसुलटी केली.

"बरं," ते म्हणाले. "उद्या लावू. दोन्ही दारं, दिवसभर. एकानेही दार वाजवून विचारलं नाही, तर मी सही करतो."

"आणि विचारलं तर?"

"तर तू पुन्हा सहीचं नाव काढायचं नाहीस."

मी लगेच हो म्हटलं. आमच्या घराण्यात हट्टाला कमतरता नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, उजाडताच स्कूटर दारात लावली आणि दोन्ही दारांना आतून कडी घातली. लगेच पहिलं भांडण झालं. बाबा गुपचूप इस्त्रीवाल्याला फोन करून बोलावतील अशी मला शंका. मी त्यालाच फोन करून येऊ नको सांगेन अशी त्यांना शंका. शेवटी दोघांचे फोन बंद करून बटणांच्या डब्यात टाकले आणि डबा फळीवर ठेवला.

दारं लावल्यावर घर किती काळोखं आहे ते मला प्रथमच कळलं. बाजूची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, तिचा उपयोग नावापुरता. मी दिवा लावला. बाबा मशीनवर बसले, पायाखालचं पेडल एकदा हलवलं आणि थांबले.

"शिवत का नाही?"

"मशीनच्या आवाजात थाप ऐकू यायची नाही."

तेही खरंच. मग मीही भांडी वाजवायची नाही, रेडिओ लावायचा नाही असं आपोआप ठरलं. आम्ही दोघं आपल्याच घरात चोरासारखे गप्प बसलो. बाबा मांडीवर एका पँटची दुमड घेऊन हाताने टाके घालत होते आणि कान मागच्या दाराला लागलेले.

थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. बाबांची सुई थांबली. पावलं दाराशी येऊन थांबली. मग ती हळूहळू परत गेली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

पुन्हा पावलं आली, थांबली, गेली. पुढच्या दाराशीही तेच. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते, वाजव रे, एकदा वाजव. हो, मीच. मला ती सही हवी होती, त्या गुडघ्यांसाठी हवी होती. जिंकत होते मी आणि रडू मलाच येत होतं. लोक येतायत, दार बंद बघतायत आणि निमूट नव्या रस्त्याने चालू पडतायत. इतक्या वर्षांची वाट, आणि कुणाला दोन बोटं दारावर टेकवावीशी वाटू नयेत?

दुपारी आम्ही ताटं वाढून घेतली. दोघांनीही जेवल्यासारखं केलं.

"आज सुट्टी असेल लोकांना," मी म्हटलं.

"असेल," बाबा म्हणाले. कामाचा दिवस आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुपार कलली. पावलं वाजायचीही थांबली. बाबांनी पँटची दुमड संपवली, गाठ मारली, सुई उशीत खोचली. मग टेबलाच्या खणातून फाइलवाल्या साहेबांचा कागद काढला.

"पेन आण."

"उद्या करा, बाबा. घाई काय आहे?"

"बोली म्हणजे बोली." त्यांनी कागद दिव्याखाली धरला, मग खाली ठेवला. "इथे नको. दिव्यात काळा आणि निळा दोरा सारखाच दिसतो. आजवर एक बटण मी दिव्यात लावलेलं नाही. मागचं दार उघड, दिवसाच्या उजेडात करतो सही."

मी डोळे पुसले, मागे गेले आणि कडी काढली.

दारात इस्त्रीवाला उभा होता. हातावर घडी घातलेली पांढरी चादर, नुकती इस्त्री केलेली. त्याच्या शेजारी म्हातारी दूधवाली, भिंतीला टेकून. मागे टॉवरचा वॉचमन, त्याने सोसायटीच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांवर गावातले उरलेसुरले म्हातारे. पांढऱ्या बुटांची नर्स. कॉलेजची पोरं. कानात सदा काहीतरी खुपसून जाणारी ऑफिसातली मुलगी, तिने ते कानातलं काढून मुठीत धरलं होतं. पार वळणापर्यंत माणसं. आणि कुणाच्या तोंडातून चकार शब्द नाही.

दूधवालीने पुढे होऊन मला मिठीत घेतलं आणि गळा काढला. "कधी गेले गं?"

"कोण गेलं?" माझ्या मागून बाबा म्हणाले.

ती तशीच गोठली. सगळी वाट गोठली. बाबा दाराला धरून, एका हातात कागद घेऊन उभे होते.

"काका," इस्त्रीवाला कसाबसा म्हणाला, "तुम्ही..."

"मी कुठे गेलो? मी घरातच आहे."

"मेल्या!" दूधवालीने मला सोडून बाबांचा दंड धरला आणि गदागदा हलवला. "दिवसाढवळ्या दारं लावून बसायची ही कुठली तऱ्हा? सकाळपासून डोळ्याला पाणी लागलंय माझ्या! दार बंद, मशीन बंद, लेकीची स्कूटर दारात, फोन लागत नाहीत. माणसानं समजायचं तरी काय?"

"पण मग दार का नाही वाजवलंत?" बाबांचा आवाज चिरकला. "एक थाप मारायची होती!"

इस्त्रीवाल्याने चादर या हातावरून त्या हातावर घेतली. "काकू गेल्या तेव्हा कुठे कुणी वाजवलं होतं, काका? अशा वेळी दार घरातल्यांनी उघडायचं असतं. उघडाल तेव्हा उघडाल, म्हणून थांबलो."

"सकाळपासून?"

"आळीपाळीने. ज्याला कामावर जायचं तो जाऊन आला."

बाबा वळले. मशीनपाशी जाऊन स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या तुकड्याने पुसत राहिले. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. मी जाऊन पुढचं दार उघडलं. दोन्ही दारांतून उजेड आत आला आणि मध्ये, त्यांच्या पायाशी, एक झाला.

"या," बाबा म्हणाले. "आलाच आहात तर जा आता."

आणि लोक चालायला लागले. पलीकडे कुणाचं काही काम नव्हतं. तरी सगळे मागून आत आले, मशीनला वळसा घालून पुढून बाहेर पडले. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं, कुणी बाबांना शिव्या घालत होतं. प्रत्येक जण "येतो हो" म्हणत होता आणि बाबा प्रत्येकाला "या" म्हणत होते. आवाज बसला तरी एकालाही चुकवलं नाही. ऑफिसातली मुलगी त्यांच्यासमोर थांबली. "मी कधी 'येते' म्हटलंच नाही तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटायचं तुम्हाला कळतच नाही मी जाते ते."

"तुझ्या उजव्या चपलेचा पट्टा सैल आहे," बाबा म्हणाले. "काढून दे, टाका घालतो."

सगळ्यात शेवटी इस्त्रीवाला. तो चादर मशीनवर ठेवून निघाला. मी ती परत द्यायला लागले तर म्हणाला, "राहू दे ताई. लागेलच कधीतरी." यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घर रिकामं झाल्यावर मी म्हटलं, "तरी नियमाप्रमाणे मी जिंकले. दार कुणीच वाजवलं नाही."

"नियमाप्रमाणे मी मेलोय," बाबांनी कागदाची घडी केली. "मेलेला माणूस सही करतो का?"

पण गुडघे काही विनोदाने बरे होत नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच फाइलवाल्या साहेबांच्या ऑफिसात गेले. बरोबर दूधवालीला नेलं, कारण तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नाही. सांगितलं, तळमजल्यातून आरपार वाट ठेवा, बाबा सही करतात. त्याने मीटररूमची अडचण सांगितली, लिफ्टच्या खड्ड्याची सांगितली. दूधवाली खुर्चीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, मला काही घाई नाही. बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. शेवटी मीटररूम हलली. बाबांनी उघड्या दारात, भर उन्हात सही केली.

आता तिथे इमारत आहे. तिच्या पोटातून एक बोळ जातो, सरळ, स्वच्छ, रस्त्याच्या पातळीला. जिन्याखालच्या कोनाड्यात बाबांचं मशीन ठेवलं. रोज सकाळी ते लिफ्टने खाली यायचे आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला "या" म्हणायचे. नव्या गेटने जाणारी माणसंसुद्धा बटण लावून घ्यायच्या निमित्ताने इकडून जायला लागली होती. ती वर्षं त्यांची सुखाची गेली आणि माझीही.

बाबा गेले ते सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, खुर्चीतच. मी आणि नवरा आदल्या दिवसापासून त्यांच्याकडेच होतो. आम्ही त्यांना निजवलं, अंगावर इस्त्रीवाल्याची चादर घातली आणि मी सांगायला खाली आले.

बोळातून लोक कामाला चालले होते. मशीनवर कापड झाकलेलं बघून पुढे जात होते. म्हातारबुवा आज उशिरा येणार असतील, एवढंच त्यांना वाटत असणार. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मग दार लावावं म्हणून वळले आणि लक्षात आलं, दार नाहीच. पुढे नाही, मागे नाही. मीच फाइलवाल्या साहेबांशी भांडून ते बसवू दिलं नव्हतं.

मी बोळाच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात दोन्हीकडच्या भिंतींना टेकवले.

पहिली आली ती ऑफिसातली मुलगी. चार पावलांवर थांबली. माझ्याकडे पाहिलं, झाकलेल्या मशीनकडे पाहिलं आणि कानातलं काढून मुठीत धरलं. तिने काही विचारलं नाही. बाजूला होऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मागून दोन पोरं बोलत बोलत येत होती, त्यांना तिने हातानेच थांबवलं. इस्त्रीवाला आला, त्याने गाठोडं खाली ठेवलं. वॉचमन खुर्च्या आणायला गेला. मी हात खाली घेतले तेव्हा वळणापर्यंत माणसं उभी होती.

शेजारच्या टॉवरचं गेट उघडंच होतं. त्या सकाळी तिकडून कुणी गेलं नाही.